‘काय म्हणालीस?’ – ‘काही नाही!’

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली एक सकाळ. डहाणूच्या आमच्या घरी ओटीवर मी पेपर उघडून बसलो होतो. एकाएकी आतून, कुणीतरी मूठभर बारीक खडी पत्र्यावर भिरकावावी तसा आवाज आला. पेपर टाकून मी स्वयंपाकघरात धावलो. ‘काय सांडलं गं?’ बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कढईकडे आणि शांतपणे म्हणाली, ‘अहो, फोडणी आहे.’

तेलात मोहरी तडतडत होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली. या घरात हजारो फोडण्या झाल्या असतील. पण मोहरीचा आवाज शेवटचा कधी ऐकला, ते मला काही केल्या आठवेना. गेली कित्येक वर्षं मी मोहरी तडतडताना नुसती बघत होतो आणि आवाज आपल्या मनानंच त्यात भरत होतो. आदल्या संध्याकाळी मी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावून मुंबईहून परतलो होतो. आमच्याकडे त्याला सरळ ‘मशीन’ म्हणतात. तर, मशीन लावल्यानंतरची ती माझी पहिली सकाळ.

‘तुम्हाला कमी ऐकू यायला लागलं ते कधीपासून?’ असं लोक विचारतात. या प्रश्नाला उत्तर नाही. डोळे अधू झाले की माणसाला स्वतःला कळतं. अक्षरं पुसट होतात, पेपर हातभर लांब धरावा लागतो, आपण निमूट चष्मा करायला टाकतो. कानाचं तसं नाही. कान जायला लागतो तेव्हा आपल्याला वाटतं, हल्ली लोकच हळू बोलायला लागलेत. मालिकांमधले नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. नव्या पिढीला स्पष्ट उच्चार म्हणून करता येत नाहीत. यावर मी एक तावातावाचा लेखसुद्धा लिहिला होता! आज तो आठवला की कानाच्या पाळ्या गरम होतात.

बरं, आवाज अजिबात येत नाही असंही नसतं. येतो की. स्टेशनवरून जाणारी मालगाडी ऐकू येते, समुद्राची गाज ऐकू येते, ढोल-ताशे तर नको इतके ऐकू येतात. माणसाचं बोलणंही ऐकू येतं. फक्त ते कळत नाही. एका भाच्याच्या लग्नाचा मुहूर्त फोनवर ‘सात चाळीस’ सांगितला, तो मी ‘आठ चाळीस’ ऐकला आणि थेट पंगतीलाच हजर झालो. त्या वेळी सगळे हसले, मीही हसलो. बहिरा म्हातारा हा आपल्या रंगभूमीवरचा हुकमी हशा आहे. आंधळ्याला कुणी हसत नाही, बहिऱ्याला मात्र हसतात. आणि गंमत अशी की, बहिराही त्या हसण्यात सामील होतो, कारण विनोद काय झाला ते न कळता हसण्याची त्याला सवयच झालेली असते.

मी ३७ वर्षं बँकेत काढली, २०१८ साली निवृत्त झालो. त्यातली दोन पोस्टिंग तलासरीला. एक १९८६ साली नव्या उमेदीच्या वयात आणि दुसरं २०१३ साली, शाखेचा मॅनेजर म्हणून. पहिल्या वेळी माझे कान ठणठणीत होते. वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती आणि इराणी बागायतदारांचं खास वळणाचं मराठी, अशा सगळ्या बोल्या मी त्या काळात कानांनी टिपून ठेवल्या. पुढे कादंबऱ्या लिहिल्या त्या त्याच शिलकीवर.

दुसऱ्या वेळची एक गोष्ट सांगायला हवी. एक वारली बाई केबिनच्या दाराशी आली. वय साठीपुढचं, पदराचं टोक तोंडाशी धरलेलं. ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, ‘मोठ्यानं बोला.’ ती पुन्हा बोलली. मी म्हटलं, ‘बाई, असं पुटपुटून कसं चालेल? काय ते स्पष्ट सांगा.’ बाहेर नोटा मोजायचं मशीन फर्रर्र करत होतं, वर पंखा घरघरत होता. ती तिसऱ्यांदा बोलली. मला वाटतं, माझ्या कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात. ती गेली. थोड्या वेळानं शिपाई आत आला आणि टेबलावरचा ग्लास उचलता उचलता म्हणाला, ‘साहेब, ती तीनदा बोलली. पासबुकात नाव चुकलंय म्हणून निराधारचे पैसे तीन महिने जमा नाय झाले. तुम्ही ऐकलं नाय.’ मी त्याला लगेच पिटाळलं, पण एसटी निघून गेली होती. पुढे काम झालं तिचं, कागद आम्ही दुरुस्त केला. पण त्या दिवशी मी ‘ऐकलं नाय’ याचा अर्थ ‘लक्ष दिलं नाही’ असाच लावला होता. ऐकू आलंच नाही, हा साधा अर्थ मला सुचला नाही. कदाचित सुचवून घ्यायचा नव्हता.

घरात हे आणखी मुकाट्यानं घडत गेलं. सुरुवातीला बायको एक वाक्य दोनदा सांगायची, मग तीनदा. मग मी ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं की ती म्हणायची, ‘काही नाही.’ हे ‘काही नाही’ फार जीवघेणं असतं. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना त्यातली धार कळायची नाही. बोलणारा कंटाळून म्हणतो. मोठं काही नसतंच ते. वाल सोलताना सुचलेलं, गल्लीतून कोण गेलं, सुका बोंबील किती महागला. पण संसार अशाच ‘काही नाही’वर चाललेला असतो हो! मोठ्या गोष्टी, म्हणजे आजारपणं, पैसे, मुलांची लग्नं, या ओरडूनही सांगता येतात. ‘जास्वंदीला आज कळी आली’ हे कोण ओरडून सांगेल? मग ते सांगायचं बंद होतं. आमच्याकडेही झालं. आणि मला वाटत होतं, वयानुसार हिचा स्वभाव अबोल होत चालला आहे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे लहान-मोठे धक्के सुरू झाले. वाचकांना आठवत असेल, १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. धुंदलवाडीच्या बाजूची माणसं ऐन थंडीत घरं सोडून तंबूत झोपू लागली. ती सांगत, आधी जमिनीच्या पोटातून गडगडाट येतो आणि मग हादरतं. त्या हिवाळ्यातल्या एका रात्री आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजली. बायको उठून दाराशी गेली, तिथून तिनं मला हाका मारल्या. माझा त्यातल्या त्यात बरा कान उशीत होता. ती परत आत आली, मला गदागदा हलवून उठवलं, तोवर सगळं थांबलंही होतं. काही झालं नाही. पण त्यानंतर कित्येक महिने ती रात्री नीट झोपत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तेही तिनं नाही, मुलीनं सांगितलं.

एवढं होऊनही मी मशीन लावलं नाही. तुम्ही म्हणाल, का? चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो, मशीन लावलं की म्हातारा दिसतो, हे एक झालं. दुसरं म्हणजे, आमच्या मुंबईच्या शाखेत ऐंशीच्या दशकात एक हेडक्लार्क होते. शर्टाच्या खिशात काडेपेटीएवढी डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. गिऱ्हाईक भांडायला आलं की ते शांतपणे खिशातलं बटण फिरवून बंद करत. आम्ही पोरं तेव्हा त्यांच्यामागे किती हसलो असू! माझ्या डोळ्यांसमोर मशीन म्हणजे तीच डबी होती.

शेवटी निमित्त झालं नातीचं. ती पुण्याला असते, वय वर्षं सहा. फोनवर ती काहीतरी रंगवून सांगत होती, मी आपला ‘हो का? वा वा!’ करत होतो. एकदम ती थांबली आणि तिनं विचारलं, ‘आजोबा, मी काय सांगितलं?’ मी गप्प. ती म्हणाली, ‘फोन आजीला दे. तुला नाही कळत.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडतोय, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

आधी मी एक आडमार्ग केला. जाहिरात पाहून दोनेक हजारांचं एक यंत्र टपालानं मागवलं. एकच चाक, फिरवलं की सगळं मोठं. बायकोचा आवाज मोठा, तसा पंख्याचाही मोठा, रस्त्यावरच्या रिक्षाचा तर त्याहून मोठा. दोन दिवसांत कान किटले, डोकं भणभणलं. ते खणात गेलं. अशी खणातली यंत्रं घरोघर असतील. त्यावरून ‘मशीनचा काही उपयोग नसतो’ असं मत बनवून लोक गप्प बसतात. मीही वर्षभर बसलो.

मग मुलगी मला हाताला धरून मुंबईच्या एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे घेऊन गेली. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान पाहिले. हे आधी करावंच, कारण कधी कधी नुसता मळ काढून काम भागतं. मग काचेच्या बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन दिले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. भुंग्यासारखे घुमणारे आवाज मी पटापट पकडले. त्यानंतर मात्र बराच वेळ काही येईना. मला वाटलं, चाचणी संपली. काचेपलीकडे पाहिलं तर बाईंचा हात चालूच होता. त्या आवाज देत होत्या आणि मी शांततेत बसलो होतो. आपण काय गमावलंय ते मला पहिल्यांदा तिथे, त्या काचेच्या खोलीत कळलं.

बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे २५० हर्ट्‌झपासून सुरुवात, उजवीकडे ८०००पर्यंत. म्हणजे डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे तारस्वरातले. माझी रेघ डावीकडे बरी होती, पुढे कसारा घाट उतरावा तशी खाली गेली होती. बाई म्हणाल्या, ‘तुमचे स्वर शाबूत आहेत, व्यंजनं गेली आहेत.’ बोलण्यातला जोर असतो अ, आ, ओ या स्वरांत, ते खालच्या पट्टीतले. शब्दाला शब्दपण देणारे स, श, च, त, थ, ख, फ हे वर्ण मात्र हलके आणि वरच्या पट्टीतले. ‘सात’मधला ‘स’ गळला आणि ‘त’ पुसट झाला की उरतो तो ‘आ’. मग त्याचा ‘आठ’ करा नाहीतर ‘हात’ करा, तुमची मर्जी. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात. त्यातल्या दाराजवळच्या पेशी तारस्वर टिपतात आणि त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ते नोटा मोजायचं मशीन आणि तो पंखा, हे दोघे त्या दिवशी खालच्या पट्टीत गुरगुरत होते आणि बाईची सगळी व्यंजनं खाऊन टाकत होते. ती पुटपुटत नव्हती.

आता जी मशीनं निघाली आहेत त्यात एक छोटा संगणकच असतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संपूर्ण डिजिटल श्रवणयंत्रं बाजारात आली, तेव्हापासून माणसाच्या आलेखाप्रमाणे नेमक्या त्या पट्टीतला आवाज नेमका तेवढाच वाढवता येऊ लागला. चष्म्याचा नंबर असतो तसंच. तंत्राच्या इतिहासात कानाचा मान पहिला आहे बरं का! ट्रान्झिस्टर घातलेला रेडिओ १९५४ साली बाजारात आला. ट्रान्झिस्टर घातलेलं श्रवणयंत्र त्याच्याही आधी, १९५२ साली.

माझं मशीन कानामागे बसतं; तिथून केसासारखी वायर कानाच्या भोकात जाते. कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या लाजेपायी मी सहा-सात वर्षं घालवली ती लाज अशी फुकटच गेली म्हणायची. बाईंनी दोन्ही कानांना घ्यायला लावलं. मी बँकवाल्याच्या सवयीनं विचारलं, ‘एकानं नाही का भागणार?’ त्या म्हणाल्या, ‘आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. रस्ता ओलांडताना कळेल.’ शिवाय निघताना बजावलं, ‘आज मी पूर्ण आवाज दिलेला नाही. हळूहळू वाढवू. पहिल्या आठवड्यात घरात, शांत जागी, रोज काही तास. मग दिवसभर. डबीत ठेवलेल्या मशीनची सवय होत नाही.’

पहिला आठवडा, खरं सांगतो, वैतागाचा गेला. माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. पेपरचं पान उलटलं की चरचर, बायकोनं प्लास्टिकची पिशवी हाताळली की अंगावर काटा. आमचा फ्रिज रात्रंदिवस कण्हतो, हे मला ठाऊकच नव्हतं. जेवताना पापड मोडला तो थेट मेंदूत. बाईंनी समजावलं होतं की, वर्षानुवर्षं मेंदूपर्यंत हे आवाज पोचलेच नाहीत. कुठला आवाज कामाचा आणि कुठला सोडून द्यायचा, ही निवड तो विसरला आहे. ती त्याला पुन्हा शिकायला आठवडे लागतात, कधी महिने. ‘एका कानानं ऐकायचं आणि दुसऱ्या कानानं सोडून द्यायचं’ ही केवढी मोठी विद्या आहे! माझ्या दोन्ही कानांनी नुसतं आत घेतलं जात होतं, सोडता काहीच येत नव्हतं. चौथ्या दिवशी मी मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि त्या ओळखीच्या शांततेत तासभर बसलो. सुख वाटलं. मग त्या सुखाची भीती वाटली आणि पुन्हा लावलं.

एक उपाय मात्र फार कामी आला. रोज सकाळी अर्धा तास मी स्वतःलाच मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचो. दिसणारा शब्द आणि ऐकू येणारा शब्द यांची गाठ पुन्हा बसायला लागली. दुसऱ्या आठवड्यात फ्रिज मागे सरला. तिसऱ्या आठवड्यात मी बँकेत पेन्शन काढायला गेलो. कॅशियरनं कोऱ्या नोटांची गड्डी माझ्यासमोर सरकन फिरवली आणि मी तिथेच उभा राहिलो. कोऱ्या नोटेचा तो कडक कुरकुर आवाज! ज्या आवाजावर ३७ वर्षं पोट भरलं तोच गेला होता आणि मला पत्ता नव्हता. मागचा माणूस ‘काका, पुढे व्हा’ म्हणाला. तेही ऐकू आलं.

बारीकसारीक संसार आहे या मशीनचा. सेल शर्टाच्या बटणाहून लहान, त्याच्यावर एक रंगीत चिकटपट्टी असते. माझ्या सेलची तपकिरी. ती सोलली की हवा आत शिरते आणि जस्ताशी संयोग होऊन वीज तयार व्हायला लागते. सोलल्यावर मिनिटभर थांबून मगच मशीनमध्ये घालायचा. आणि एकदा सोलला की वापरा न वापरा, तो संपणारच. माझा साधारण आठवडा काढतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत. आमच्या डहाणूची हवा खारी, पावसाळ्यात भिंतींनासुद्धा घाम येतो. ही डबी नसेल तर मशीन एक पावसाळा काढायचं नाही. शाल कानावरून घेतली की ते शिट्टी मारतं. नात आली आणि गळ्यात पडली तेव्हाही मारली. ‘आजोबा, तुझा कुकर झाला!’ ती म्हणाली. मला पहिल्या झटक्यात कळलं.

रात्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मशीन डबीत गेलं की मी पुन्हा पूर्वीचाच. जमीन हादरली तर आमच्या घराचे कान म्हणजे बायकोच. फक्त आता आमचं ठरलं आहे: हाका मारायच्या नाहीत, सरळ हलवायचं. आणि मी भिंतीकडची बाजू सोडून तिच्या हाताच्या अंतरावर झोपतो.

दिवाळीनंतर तलासरीच्या त्या शिपायाचं, म्हणजे आता तेही निवृत्त झाले आहेत, बोलावणं आलं. भातं कापून झाली होती, पाड्यावर तारपा वाजणार होता. ज्यांनी वारली चित्रं पाहिली आहेत त्यांना तो गोलाकार नाच ठाऊक असेल. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हे वेटोळं जगभर नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. लहानपणी आई गेल्यानंतर कित्येक वर्षं ते बोललेच नाहीत, धुळीत चित्रं काढूनच काय ते सांगत, असं म्हणतात.

१९८६ साली ऐकलेला तारपा माझ्या कानांत अजून होता. वाळलेल्या दुधी भोपळ्यातून निघणारा, श्वास न तोडता लांबत जाणारा तो सूर. त्या रात्री वाजवायला सुरुवात झाली आणि मी चक्रावलो. सूर थरथरायचा, मध्येच दबायचा, पुन्हा उसळायचा. मला वाटलं, वाजवणारा थकला असेल. शेजारी विचारलं तर ते म्हणाले, ‘नाय साहेब, मस्त वाजवतोय.’ मी मशीन काढलं. सूर लांबून, जाड पडद्याआडून आल्यासारखा, पण अखंड. पुढच्या खेपेला ऑडिओलॉजिस्ट बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. मशीन बनवलेलं असतं बोलण्यासाठी. बोलणं तुटक असतं. लांबलेला एकसुरी आवाज आला की मशीनला वाटतं, ही आपलीच शिट्टी, आणि ते तिला दाबायला धावतं. त्यांनी संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली. एक बटण दाबलं की ही दडपादडपी बंद. असं काही करता येतं हे आपण सांगितल्याशिवाय त्यांनाही कळत नाही, म्हणून मशीन घेतल्यावर पहिले काही महिने वही ठेवावी. काय खटकलं, कुठे खटकलं, ते लिहून न्यावं. आणि घेण्याआधीच विचारावं की, नंतर किती वेळा जुळवून देणार? मशीनच्या किमतीइतकंच महत्त्व या प्रश्नाला आहे.

किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. मी पेन्शनवाला, माझं जमलं. त्याच रात्री त्या शिपायांच्या घरी कोनाड्यात मला एक मशीन दिसलं. त्यांच्या आईला कुठल्याशा शिबिरात मिळालेलं. सेल संपला, तलासरीत तसा मिळेना, मग राहिलं. सरकारची योजना आहे; ‘एडिप’ नावाची योजना १९८१पासून चालू आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला यंत्र मिळतं. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. पण तलासरीहून वांद्रे म्हणजे आधी डहाणू रोडपर्यंत मिळेल ते वाहन, तिथून शंभर किलोमीटरहून जास्त लोकलचा प्रवास, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. आणि मशीन जुळवायला एकदा जाऊन भागत नाही, तीन-चार खेपा होतात. यंत्र देणं सोपं आहे, ते अंगवळणी पडेपर्यंत सोबत राहणं कठीण. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या दारात नेली, गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अनुताईंनी मूकबधिरांसाठीही काम उभं केलं होतं. कानांच्या बाबतीत हे दारात जाणं अजून व्हायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं की, जगात ४३ कोटी माणसांना उपचार लागेल इतकं कमी ऐकू येतं. म्हातारपणी विस्मरणाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत डॉक्टर मंडळी आता कमी ऐकू येणंही धरतात. अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले: सरसकट सगळ्यांना फरक पडला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांची बुद्धी मशीन लावल्यानं सावकाश मंदावली. मशीन लावलं की डोकं तल्लख होतं, असं मात्र कुणी विकायला आलं तर विश्वास ठेवू नये.

त्या आजींच्या मशीनला निळ्या पट्टीचा मोठा सेल लागतो. पुढच्या खेपेला मी मुंबईहून दोन पाकिटं नेऊन दिली. मुलानं सेल सोलला, मिनिटभर थांबला, घातला. आजी थोडा वेळ गप्प बसून राहिल्या. मग कोंबड्याकडे पाहून म्हणाल्या, हा मेला एवढा ओरडतो? आणि मशीन काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, असा फोन आला. बघू या.

लिहिण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. माझ्या शेवटच्या कादंबरीवर संपादकांनी एक शेरा मारला होता, ‘यातली सगळी माणसं एकसारखी बोलतात.’ मी तेव्हा दुखावलो होतो. आता ती कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा पटलं. त्यातली कोळीण, शेतमजूर, प्राध्यापक, सगळे माझ्यासारखेच बोलतात. कारण ते लिहीत होतो त्या काळात मला माझ्याशिवाय कुणाचंच नीट ऐकू येत नव्हतं. हल्ली मी डहाणू लोकलमध्ये डोळे मिटून बसतो. लोकांना वाटतं, म्हातारा झोपलाय.

आणि बायको? मला वाटलं होतं, मशीन आलं की बोलणं आपोआप सुरू होईल. तसं झालं नाही. आवाज आला, मोहरी आली, फ्रिज आला. ती मात्र गप्पच. एवढ्या वर्षांची सवय तिलाही झाली होती. महिनाभरानंतर मी न राहवून विचारलं, ‘अगं, आता ऐकू येतं मला. बोल की.’ ती म्हणाली, ‘असं बोल म्हटलं की काय बोलायचं?’ खरंच होतं. मग मी माझ्याकडून सुरू केलं. लोकलमध्ये ऐकलेलं येऊन सांगायला लागलो. ती ऐकायची, कधी हसायची.

परवा संध्याकाळी आम्ही पारनाक्याच्या किनाऱ्यावर फिरत होतो. भरती होती, सुरूच्या झाडांतून वारा घोंगावत होता. मशीनला वारा चालत नाही, त्याच्या तोंडावर कुणी फुंकर घालत राहावी तसा नुसता भर्रर्र आवाज येतो. बायको काहीतरी म्हणाली. वाऱ्यात सगळं गेलं. मी थांबलो, समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे वळलो आणि विचारलं, ‘काय म्हणालीस?’

ती क्षणभर थांबली. तोंडावर उडालेली बट तिनं मागे सारली.

‘म्हटलं, साठ रुपयांना चार मागत होती ती बोंबील. मी घेतले नाहीत.’

‘साठ की आठ?’

‘साठ हो! स, साठ!’